कामाच्या धडाक्यात विचार करत उभा राहिलेला माणूस

वोश्चेव्ह नावाच्या कामगाराला त्याच्या तिसाव्या वाढदिवशी कारखान्यातून काढून टाकतात. हातात दिलेल्या कागदावर कारण लिहिलेलं असतं. माझ्या मराठीत ते साधारण असं येईल: 'सदर इसमाच्या ठायी अशक्तपणा वाढत चालला असून कामाच्या सर्वसाधारण वेगात तो विचार करत उभा राहतो, सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.' वोश्चेव्ह दाद मागायला कारखान्याच्या समितीकडे जातो. तिथले लोक विचारतात, कसला विचार करत होतास? तो म्हणतो, जगण्याच्या आराखड्याचा. सुखासारखं काहीतरी सापडलं असतं, तर मनाला अर्थ मिळून काम वाढलं असतं. त्यावर उत्तर मिळतं, की सुख भौतिकवादातून येईल, कॉम्रेड वोश्चेव्ह, अर्थातून नाही. आणि सगळेच एकदम विचार करायला लागले तर काम कोण करणार?

आंद्रेइ प्लातोनोव्हच्या 'कोतलोवान' म्हणजे 'पायाचा खड्डा' या छोट्या कादंबरीची ही सुरुवात. डिसेंबर १९२९ ते एप्रिल १९३० या काळात लिहिलेली. सोव्हिएत रशियात ती छापून आली १९८७ साली, लेखक जाऊन ३६ वर्षं झाल्यावर.

क्रांतीनंतरच्या अशा रशियन साहित्याबद्दल आपल्याकडे एक सोपी समजूत आहे: काही लेखक क्रांतीच्या बाजूचे, काही विरोधातले; विरोधातल्यांची पुस्तकं दाबली गेली. ती अगदीच खोटी नाही, पण सगळ्यात महत्त्वाच्या माणसांना लागू पडत नाही. ज्यांची पुस्तकं आज 'भ्रमनिरासाचं साहित्य' म्हणून वाचली जातात, त्यातले बरेचसे क्रांतीवर जीव टाकणारे होते. क्रांतीने दिलेला शब्द त्यांनी शब्दशः घेतला. बाकीच्यांनी ती घोषणा आहे असं समजून टाळ्या वाजवल्या आणि जेवायला गेले. हे मात्र शब्द धरून बसले, आणि तोच पुढे अडचणीचा ठरला.

काळाचा धागा आधी पकडून ठेवू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फेब्रुवारी १९१७ मध्ये झार गेला, ऑक्टोबरात बोल्शेविक सत्तेवर आले. त्यानंतर यादवी युद्ध: लाल सैन्य, पांढरं सैन्य, परदेशी फौजा आणि या सगळ्यांत शेतकऱ्याच्या कोठारातलं धान्य ओढून नेणाऱ्या तुकड्या. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नाविक तळावर बंड झालं. १९१७ मध्ये क्रांतीचा अभिमान म्हणून मिरवले गेलेले खलाशी सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, मोकळ्या निवडणुका मागत होते. लाल सैन्याने गोठलेल्या समुद्रावरून चालत जाऊन ते मोडलं. त्याच वर्षी व्होल्गाच्या खोऱ्यात दुष्काळ पडला; सुमारे ५० लाख माणसं गेली असं मानतात. मग लेनिनने थोडा खासगी व्यापार खुला केला, दुकानदार परत आले, आणि ज्यांनी दुकानदार संपवण्यासाठी रक्त सांडलं होतं ते काचेतल्या केककडे बघत राहिले. १९२४ मध्ये लेनिन गेला. १९२८ पासून पंचवार्षिक योजना आणि १९२९-३० च्या हिवाळ्यात सक्तीची सामूहिक शेती. आपल्या विषयापुरतं एवढं पुरे.

आता एक शेकोटी. क्रांतीच्या पहिल्या दिवसांत, पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, हिवाळी राजवाड्याजवळ सैनिकांनी पेटवलेली. कवी व्लादिमिर मायकोव्हस्की तिथून जात होता, तर अलेक्सांद्र ब्लोक हात शेकत उभा. ब्लोक म्हणजे त्या काळच्या रशियन कवितेतलं सगळ्यात मोठं नाव. मायकोव्हस्कीने विचारलं, आवडतंय का? ब्लोक म्हणाला, छान आहे. आणि मग म्हणाला, गावाकडे माझं ग्रंथालय जाळलं. मायकोव्हस्कीने ही आठवण १९२१ मध्ये ब्लोकच्या मृत्यूनंतर लिहिली. मला या विषयावरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा ही दोन वाक्यं जास्त सांगतात, कारण ब्लोकने त्यांच्यामध्ये 'पण' घातलेला नाही. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही त्याला एकाच वेळी म्हणायचं होतं.

जानेवारी १९१८ मध्ये त्याने 'बारा' ही दीर्घकविता लिहिली. हिमवादळातून बारा लाल शिपाई चाललेत, लूट आहे, एका मुलीचा खून आहे, शिव्या आहेत, रस्त्यावरची गाणी आहेत, आणि शेवटी या टोळीच्या पुढे, वादळात न दिसणारा, पांढऱ्या गुलाबांचा मुकुट घातलेला येशू ख्रिस्त. पक्षाच्या लोकांना ख्रिस्त खटकला, जुन्या मित्रांना शिपाई. कविता पुरी झाली त्या दिवशी ब्लोकने वहीत लिहिलं, 'आज मी प्रतिभावंत आहे.' त्यानंतर त्याने फारसं काही लिहिलं नाही. का लिहीत नाहीस विचारलं तर म्हणे, सगळे आवाज थांबलेत, तुला ऐकू येत नाही का, कुठलाच आवाज उरलेला नाही. १९२१ च्या फेब्रुवारीत पुश्किनवरच्या भाषणात तो म्हणाला की कवी मरतो कारण त्याला श्वास घ्यायला हवा उरत नाही. तो पुश्किनबद्दल बोलत होता. उपचारासाठी फिनलंडला जायची परवानगी लांबत गेली आणि ७ ऑगस्टला तो गेला, वय ४०.

ब्लोक जुन्या जगातून आलेला होता, असं म्हणून त्याला बाजूला सारता येतं. इसाक बाबेलला तसं सारता येत नाही. ओदेसाचा ज्यू मुलगा, डोळ्यांवर चष्मा, १९२० च्या पोलंडविरुद्धच्या युद्धात तो लाल सेनापती बुद्योनीच्या घोडदळाबरोबर वार्ताहर म्हणून गेला. ज्यूंच्या कत्तली करण्यात ज्या कझाकांची, म्हणजे कॉसॅक घोडेस्वारांची ख्याती, त्यांच्याचबरोबर. नाव घेतलं रशियन वळणाचं, किरिल ल्युतोव्ह. त्यातून 'लाल घोडदळ' हा कथासंग्रह आला, १९२६ मध्ये.

त्यातली 'माझा पहिला हंस' ही कथा पाच-सहा पानांची आहे. नवीन आलेल्या ल्युतोव्हला कझाकांमध्ये मुक्काम करायचाय. वाटेतच त्याला बजावलेलं असतं की चष्मेवाल्यांची इथे धडगत नाही, एखाद्या सभ्य बाईची अब्रू घ्याल तर मात्र जवान तुम्हाला डोक्यावर घेतील. गेल्या गेल्या एक पोरगा त्याची पेटी उचलून फाटकाबाहेर फेकतो. ल्युतोव्ह रांगत आपले कागद आणि फाटके कपडे गोळा करतो. घराची मालकीण अर्धवट आंधळी म्हातारी. अंगणात एक पाळीव हंस, आपल्या बदकाचा थोराड भाऊबंद म्हणा, मान डोलवत फिरतोय. ल्युतोव्ह त्याच्या डोक्यावर बूट ठेवतो आणि चिरडतो. म्हातारीला सांगतो, हा भाजून दे. ती म्हणते, कॉम्रेड, मला फास लावून घ्यावासा वाटतो. एवढ्यावर काम होतं. कझाक सरकून जागा करतात, आपल्यातलाच आहे म्हणतात, त्याला जेवायला बसवतात. मग तो त्यांना वर्तमानपत्रातलं लेनिनचं भाषण मोठ्याने वाचून दाखवतो. रात्री सहाजण गवताच्या माळ्यावर पायांत पाय गुंतवून, एकमेकांच्या उबेत झोपतात. छपराच्या भोकांतून तारे दिसतात. आणि खुनाने माखलेलं त्याचं काळीज रात्रभर करकरत, वाहत राहतं.

लेनिनचं भाषण हंसानंतर येतं, ही या कथेतली बारीक गोष्ट. भाषण चांगलंच आहे, ल्युतोव्ह ते आनंदाने वाचतो, त्याच्यावर विश्वासही ठेवतो. पण ते ऐकून घेतलं जाण्याची किंमत एका म्हातारीच्या अंगणात आधी चुकती झालेली आहे. बाबेल कुणालाही दोष देत नाही. त्याला त्या उबेत जागा हवीच होती.

याच संग्रहात गेदाली नावाचा एक म्हातारा दुकानदार आहे. तो म्हणतो, क्रांती हे चांगल्या माणसांचं चांगलं काम. पण चांगली माणसं ठार मारत नाहीत, म्हणजे क्रांती वाईट माणसं करतात. पण पोलंडवालेही वाईटच. मग क्रांती कोणती आणि प्रतिक्रांती कोणती, हे गेदालीला कोण सांगणार? त्याला हवी आहे भल्या माणसांची आंतरराष्ट्रीय संघटना, जिच्यात प्रत्येक जिवाची नोंद होईल आणि प्रत्येकाला पहिल्या दर्जाचं रेशन मिळेल. वाचताना हसू येतं आणि मग येईनासं होतं. १९२४ मध्ये खुद्द बुद्योनीने छापील लेखातून बाबेलवर हल्ला चढवला. पुढे ज्येष्ठ लेखक मॅक्झिम गॉर्कीने त्याची बाजू घेतली. लेखकांच्या १९३४ च्या अधिवेशनात बाबेल म्हणाला की मौन हा एक नवा साहित्यप्रकार आहे आणि त्यात मी उस्ताद झालोय. सभागृह हसलं. मे १९३९ मध्ये त्याला अटक झाली आणि २७ जानेवारी १९४० ला गोळी घातली. घरातून नेलेली हस्तलिखितं आजपर्यंत सापडलेली नाहीत.

येवगेनी झाम्यातिन या लेखकाचं नाव बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. जहाजांचा इंजिनिअर, तरुणपणी बोल्शेविक, १९०५ मध्ये झारच्या तुरुंगात. १९२२ मध्ये बोल्शेविकांनी अटक केली तेव्हा त्याच तुरुंगाच्या त्याच मार्गिकेत त्याला ठेवलं. १९२०-२१ मध्ये लिहिलेली त्याची 'आम्ही' ही कादंबरी १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीतून आली, मायदेशी १९८८ मध्ये. माणसांना नावांऐवजी क्रमांक, घरांना काचेच्या भिंती. फार हुशार पुस्तक आहे, पण माझ्या मते थोडं थंड. त्याला धोका आधीच कळला होता. कळण्याची वेदना त्यात कमी आहे.

मायकोव्हस्कीचं उलट. त्याने स्वतःला अख्खं देऊन टाकलं: यादवी युद्धात सरकारी वृत्तसंस्थेसाठी रात्र रात्र जागून चित्रफलक रंगवले, साबणापासून गोळ्या-बिस्किटांपर्यंत सरकारी मालाच्या जाहिराती लिहिल्या. १९२२ मध्ये त्याने सततच्या बैठकांवर एक कविता लिहिली. दोन बैठका एकाच वेळी असल्यामुळे अधिकारी अर्धे अर्धे झालेत, कमरेपर्यंतचा भाग इथे आणि उरलेला तिथे. लेनिनला त्याची कविता एरवी झेपत नसे, पण ही त्याने जाहीरपणे वाखाणली. सात वर्षांनी आलेल्या 'ढेकूण' या नाटकात एक माजी कामगार १९२९ मध्ये लग्नाच्या धुमाकुळात गोठतो आणि पन्नास वर्षांनी, आदर्श भविष्यकाळात, शुद्धीवर येतो. तिथे त्याला ढेकणासकट प्राणिसंग्रहालयात ठेवतात. शेवटी तो प्रेक्षकांकडे वळून ओरडतो: भावांनो, तुम्ही इतके सगळे कुठून आलात, तुम्हाला कधी वितळवलं? टवाळी जुन्या माणसाची आहे की त्या स्वच्छ, निर्जंतुक भविष्याची, हे नाटक सांगत नाही.

१ फेब्रुवारी १९३० ला त्याने आपल्या वीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. मोठे लेखक फिरकले नाहीत. त्या दिवसांतल्या कवितेत तो म्हणतो की मी माझ्याच गाण्याच्या गळ्यावर पाय देऊन उभा राहिलो. १४ एप्रिलला त्याने स्वतःवर गोळी झाडली, वय ३६. कारणं अनेक होती, प्रेमाचंही होतं, सगळं राजकारणावर ढकलू नये. पाच वर्षांनी स्टालिनने त्याला आपल्या युगाचा सर्वोत्तम कवी ठरवलं आणि तो शाळाशाळांत शिरला. कवी पास्तरनाक म्हणाला, कॅथरीन राणीच्या काळात बटाटा जसा सक्तीने लावला, तसा मायकोव्हस्की लावण्यात आला. हा त्याचा दुसरा मृत्यू.

मायकोव्हस्की गेला त्याच एप्रिलमध्ये प्लातोनोव्ह 'पायाचा खड्डा' संपवत होता, त्याच मॉस्कोत.

प्लातोनोव्ह वोरोनेझचा, १८९९ चा जन्म, रेल्वे कामगाराचा थोरला मुलगा, मागे भावंडांची रांग. शाळा सुटली ती पोटासाठी. क्रांतीने त्याला शिकवलं, इंजिनिअर केलं, कवी केलं. विजेवर आणि यंत्रांवर तो वर्तमानपत्रांत भरभरून लिहायचा. १९२१ चा दुष्काळ पाहिल्यावर त्याने लिहिणं बाजूला ठेवलं. तंत्रज्ञ असून साहित्यासारखं नुसतं बघत बसायचं काम आपल्याला करवेना, असं त्याने पुढे सांगितलं. काही वर्षं तो सरकारी जमीन-सुधार खात्यात वोरोनेझ प्रांतात फिरला. त्याच्या कामाच्या दाखल्यात ७६३ तळी आणि ३३१ विहिरी नोंदल्यात. दुष्काळी भागात पाण्याची कामं काढणारा माणूस कसा असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तो आधी माती बघतो, माणसं किती आणि फावडी किती ते बघतो. हे सगळं त्याच्या गद्यात उतरलं.

'चेवेनगुर' या त्याच्या मोठ्या कादंबरीत कोप्योनकिन नावाचा स्वार आहे. टोपीत मारल्या गेलेल्या जर्मन क्रांतिकारक रोझा लुक्झेंबर्गचं चित्र शिवलेलं, घोड्याचं नाव 'कामगारशक्ती', आणि ध्येय रोझाच्या थडग्यापर्यंत पोचण्याचं. फिरत फिरत तो चेवेनगुर गावी येतो. तिथे साम्यवाद आलेला आहे, म्हणजे गावातल्या अकरा माणसांनी तसं ठरवलंय. सधन लोकांना गोळ्या घालून झाल्यात. काम बंद, कारण कामातून मालमत्ता होते आणि मालमत्तेतून जुलूम. सूर्य सगळ्यांसाठी राबतोच आहे. शनिवारी तेवढी घरं आणि बागा उपटून एकमेकांजवळ सरकवायच्या, सोबत म्हणून. मग एका भिकारणीचं आजारी मूल गावात मरतं. कोप्योनकिन सगळी रात्र अस्वस्थ. हा कसला साम्यवाद? त्याच्यात एका पोराला साधा श्वास घेता आला नाही. हा प्रश्न विचारणारा माणूस क्रांतीसाठी मान कापून द्यायला तयार आहे, म्हणून त्याचं उत्तर देणं कठीण.

गॉर्कीने हस्तलिखित वाचून १९२९ मध्ये त्याला कळवलं की तुम्ही गुणी आहात, पण हे छापलं जाणार नाही. तुमची माणसं क्रांतिकारकांपेक्षा विक्षिप्त आणि अर्धवट वाटतात.

'पायाच्या खड्ड्या'त वोश्चेव्हला नोकरी गेल्यावर एक टोळी भेटते. साऱ्या कामगारांसाठी एकच भव्य घर बांधायचंय, त्याचा पाया ही टोळी खोदते. खड्डा रुंद होत जातो, मग आणखी रुंद करायचा हुकूम येतो. घर येतच नाही. त्या टोळीत नास्त्या नावाची लहान मुलगी येते. तिची आई कारखानदाराची मुलगी. मरताना ती लेकीला सांगून गेलेली, माझ्या पोटी जन्मलीस हे कुणाला सांगू नकोस. खोदणाऱ्यांसाठी नास्त्या म्हणजेच भविष्य, जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती.

खणताना शेतकऱ्यांनी लपवून ठेवलेल्या शंभर शवपेट्या सापडतात. गावकरी त्या मागायला येतात: प्रत्येकाने आपल्या मापाची करून ठेवली आहे, झोपून बघितलेली आहे, आता तेवढीच आमची म्हणायला राहिली आहे. पेट्या परत मिळतात, पण चिकलिन नावाचा दांडगा खोदकामगार दोन छोट्या ठेवून घेतो. एकीत तो नास्त्याचं अंथरूण करतो, दुसरी तिला खेळणी ठेवायला. यात तो काही वाईट करत नाही. त्याच्याकडे लहान मुलाला द्यायला दुसरं काही नाही, आणि मापाचं तेवढंच आहे.

या पुस्तकाची भाषा हाच त्याचा अर्धा आशय आहे. माणसं सरकारी पत्रकातले शब्द घरच्या शब्दांत मिसळून बोलतात, कारण घरचे शब्द कमी पडू लागलेत. आपल्या गावातला म्हातारा ग्रामसभेचा ठराव वाचून आल्यावर सुनेला 'सदर भाकरी तातडीने निर्गमित करावी' म्हणेल, आणि ते विनोद म्हणून नाही, अगदी मनापासून म्हणेल, काहीसं तसं. नास्त्या चिकलिनला चिठ्ठी लिहिते त्यात वर्ग म्हणून कुलाकांना, म्हणजे सधन शेतकऱ्यांना, संपवा असा निरोप आहे, गरिबांच्या शेतीला नमस्कार आहे. ती वाचून मोठी माणसं हेलावतात. पुढे त्या कुलाकांना बायकामुलांसकट तराफ्यावर बसवून नदीतून समुद्राकडे सोडून देतात. ही कल्पना वाटते, पण १९३० च्या त्या महिन्यांत लाखो माणसं मालगाड्यांतून उत्तरेकडे रवाना होत होती.

नास्त्याला ताप येतो. तापात ती घोषणा म्हणत नाही. आईची हाडं माझ्याजवळ आणून ठेवा, म्हणते. ती जाते. वोश्चेव्ह तिच्याजवळ उभा राहतो आणि त्याला कळेनासं होतं, की लेकराच्याच जाणिवेत साम्यवाद नसेल तर जगात आता तो असेल कुठे. चिकलिन पंधरा तास सलग खणतो, जिथे मुळं, किडा, ऊन, थंडी पोचणार नाही इतकं खोल, दगडात.

१९३१ मध्ये प्लातोनोव्हची सामूहिक शेतीवरची दुसरी एक कथा 'क्रास्नाया नोव्ह' मासिकात छापून आली. स्टालिनने ती वाचताना समासात 'हरामखोर' अशा अर्थाचा शेरा मारला. ज्या संपादकाने ती छापली होती, त्यानेच मग त्याच मासिकात तिच्यावर तुटून पडणारा लेख लिहिला. तो अलेक्सांद्र फादेयेव्ह. तोही खोटा माणूस नव्हता: पूर्वेच्या जंगलात गनिमी लढाई केलेला, क्रोनश्टाटच्या बर्फावर जखमी झालेला. पुढे तो लेखकसंघाचा सर्वेसर्वा झाला. मे १९५६ मध्ये त्याने आत्महत्या केली. केंद्रीय समितीला लिहिलेल्या चिठ्ठीत होतं, की ज्या कलेला आयुष्य वाहिलं ती पक्षाच्या आत्मसंतुष्ट, अडाणी नेतृत्वाने नासवली. जाहीर निवेदनात कारण दारू असं दिलं. चिठ्ठी छापली गेली १९९० मध्ये.

प्लातोनोव्हला स्वतःला अटक झाली नाही. त्याच्या मुलाला झाली, १९३८ मध्ये, वय १५. १९४० मध्ये सुटून आला तो क्षय घेऊन. १९४३ च्या जानेवारीत गेला. त्याची शुश्रूषा करताना बापालाही क्षय झाला आणि ५ जानेवारी १९५१ ला तोही गेला.

आपल्याकडे सोव्हिएत पुस्तकं यायची ती जाड पुठ्ठ्याची, सुबक आणि स्वस्त. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहातून कित्येकांनी गॉर्की, ऑस्त्रोव्स्की, शोलोखोव्ह घरी नेले, आणि मराठीतल्या कष्टकऱ्यांच्या साहित्याला त्यांचं बळ मिळालं, हे खरंच आहे. फक्त त्या गठ्ठ्यात प्लातोनोव्हचा हा खड्डा असणं शक्य नव्हतं. तो तिकडेच टंकलिखित पानांत पडून होता.

त्या टंकलिखिताच्या शेवटी, गोष्ट संपल्यावर, लेखकाने स्वतःच्या तोंडून एक टीप जोडली आहे. आपला देश नास्त्यासारखा मरेल की वाढून पुरा माणूस होईल, या काळजीतून हे लिहिलं, असं तो सांगतो. मुलीच्या मरणातून साम्यवादी पिढीचा अंत दाखवण्यात लेखकाची चूक झाली असेल. झाली असेल तर ती एवढ्याचमुळे, की जिवापाड आवडणाऱ्या एका गोष्टीची त्याला फार काळजी वाटली.